खडपावरचे रविवार

मासे खात नाही आणि तरीही मासे बघायला समुद्रात जातो, असा माणूस आमच्या किनाऱ्यावर तोपर्यंत कोणी पाहिला नव्हता. त्यामुळे हा माणूस सरळ नाही, हे ठरवायला गावाला आठवडासुद्धा लागला नाही. मला दोनच दिवस लागले.

तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या वाटेवरच्या एका लहानशा बंदरावर जकातीची कचेरी होती. मी तिथे हंगामी कारकून. तिकडून इकडे चोरून काय येईल याचा नेम नसायचा. घड्याळं, दारू, सोनं, एकदा तर नुसती दोऱ्याची रिळं. त्यामुळे दिसेल त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघणं हे आमचं कामच होतं आणि मी ते मन लावून करत असे. खरं सांगायचं तर नोकरी नसती तरी मी तेच केलं असतं. माझा स्वभावच तसा. कणकवलीला आमच्या घरी गवळ्याने एखाद्या दिवशी दूध जरा घट्ट आणलं, तरी मला वाटायचं की आज ह्याने पाण्याऐवजी दुसरं काहीतरी घातलं असणार.

तो माणूस म्हणजे आमचे मास्तर, घाटावरचे. हायस्कुलात भूगोल आणि शास्त्र शिकवायला आले आणि राहायला आले ते नेमके माझ्या शेजारच्या खोलीत. दोन्ही खोल्या काकींच्या. काकी म्हणजे आमची घरमालकीण, एकटी बाई, जिभेने तिखट आणि हाताने सढळ. दोन खोल्यांमधली भिंत कुडाची होती. शेजारी कूस बदलली तरी इकडे कळायचं.

रोज सकाळी सहाच्या सुमारास पलीकडून पाण्याचा डुबुक असा आवाज यायचा आणि मग काहीच ऐकू यायचं नाही. मी अंथरुणात पडल्या पडल्या आकडे मोजायचो. साठ, सत्तर, ऐंशी. मग कोणीतरी जोराने धापा टाकायचं. पंधरा दिवसांनी कळलं की मास्तर बादलीत डोकं बुडवून श्वास कोंडण्याची सवय करतात. काकींचं म्हणणं, काहीतरी व्रत असेल बिचाऱ्याचं. मला मात्र वाटलं, पाण्याखाली राहायला शिकणारा माणूस ते उगाच शिकत नाही.

दुसरी भानगड पपईची. काकींच्या परसात पपईचं एक झाड होतं. दर शनिवारी संध्याकाळी मास्तर हातात चाकू घेऊन त्या झाडाला प्रदक्षिणा घालायचे, एखादं जून पान निवडायचे, लांब देठासकट कापायचे आणि पान टाकून नुसता पोकळ देठ खोलीत न्यायचे. वर्षभरात झाड एका बाजूने बोडकं झालं. काकींनी एकदा त्यांना स्पष्टच विचारलं की तुम्ही त्या देठाचं करता काय. मास्तर म्हणाले, श्वास घेतो. आणि ते खरं होतं. पाण्यावर पालथं पडून, तो देठ तोंडात धरून, त्याचं दुसरं टोक हवेत ठेवून ते तासन्‌तास खाली बघत राहत. डोळ्यांवर चढवायला त्यांनी मोटारीच्या ट्यूबचा तुकडा कापून घेतला होता, त्यात गजराच्या घड्याळाची गोल काच बसवली होती आणि कडेने डांबर थापलं होतं. घड्याळाची काच म्हटल्यावर आमच्या कचेरीत सगळ्यांचे कान टवकारले. एक काच कोणाकडेही असते. पण जिथून एक आली तिथून शंभर येऊ शकतात, असं आमचं गणित होतं.

बाजारात मास्तर गेले की कोळणींचा जीव खालीवर व्हायचा. हा माणूस टोपलीसमोर उकिडवा बसणार, बांगड्याचा कल्ला उचलून आत बघणार, शेपटीचे काटे मोजणार, वहीत लिहिणार आणि धोतर झटकून निघून जाणार. एक कोळीण एकदा वैतागून म्हणाली, "मास्तरांनू, घेवचो नाय तर तेच्या तोंडात कित्या बघतास? तो काय तुमचो पोरगो आसा?" मास्तरांनी तिला गंभीरपणे विचारलं की ह्या माशाला रात्री कमी दिसतं असं म्हणतात, ते तिने स्वतः पाहिलंय की नुसतं ऐकलंय.

हे त्यांचं ठरलेलं होतं. पाहिलंत की ऐकलंत? वर्गात एखाद्या मुलाने पृथ्वी गोल आहे म्हणून सांगितलं, तर त्याला विचारणार, तू पाहिलीस? मग सगळा वर्ग उठवून किनाऱ्यावर नेणार आणि लांब जाणाऱ्या गलबताचं धूड आधी बुडतं की शीड, ते बघायला लावणार. तोवर गणिताचा तास निघून गेलेला. गणिताच्या मास्तरांनी तक्रार केली तेव्हा हेडमास्तरांनी यांना बोलावून समज दिली. हे म्हणाले, "मुलं किनाऱ्यावर होती हे आपण पाहिलंत का?" हेडमास्तरांनी त्यांच्याशी बोलणं सोडून दिलं.

माणूस वाईट होता असं नाही. मला ताप आला तेव्हा तीन दिवस त्यांनी माझ्यासाठी पेज करून आणली होती. पण मी तीही आधी हुंगून प्यायलो.

त्यांच्याविषयी सगळ्यात मोठा संशय आला तो मात्र तांडेलामुळे. आमच्याकडे होडीवरच्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात. ह्या तांडेलाची होडी लहानशी, उलांडीची, म्हणजे बाजूला तोलासाठी लाकूड बांधलेली, आणि तो तिच्यावर एकटाच. वय साठीच्या पुढे. त्याचं नाव होतं ते खडपावरच्या मासेमारीबद्दल. समुद्रात आत कुठे कुठे पाण्याखाली खडक आहेत, त्यांना खडप म्हणतात. तांबोशी, गोबरे असे मोठे मासे तिथे राहतात. पण ते खडप वरून दिसत नाही. ते सापडतं किनाऱ्यावरच्या खुणांनी. देवळाचा कळस अमुक एका माडाच्या रेषेत आला आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला डोंगराची सोंड वडाच्या मागे गेली, की खाली खडप. प्रत्येक घराची आपापली खडपं आणि आपापल्या खुणा. बाप त्या मुलाला सांगतो, तेही समुद्रातच, आणि बाहेर कुणाला सांगणं म्हणजे घरातली चूल उचलून दुसऱ्याच्या अंगणात ठेवणं. ह्या तांडेलाचा मुलगा मुंबईला गिरणीत लागला आणि परत आला नाही. पुतणे होते, पण त्यांनाही त्याने कधी होडीत घेतलं नव्हतं. असा हा खडूस म्हातारा, ज्या मास्तरांना गावातली एकही होडी न्यायला तयार नव्हती, त्यांना दर रविवारी घेऊन जाऊ लागला. का? गावात हा प्रश्न चहाच्या दुकानापासून देवळाच्या ओट्यापर्यंत फिरत होता आणि उत्तर कोणाकडे नव्हतं.

उत्तर शोधायचं मी मनावर घेतलं. एका सकाळी मास्तर न्हाणीघरात असताना मी त्यांच्या खोलीत शिरलो आणि त्यांची वही उघडली. हे काही भूषणावह नव्हतं, पण मी केलं. पुढच्या पानांवर मासे आणि पोवळ्यांची चित्रं होती, रंगीत पेन्सिलींनी काढलेली, फारच सुंदर. मागच्या पानांवर आमचा किनारा होता. कळस, माड, वड, डोंगराची सोंड, आणि त्यांच्यामधून आखलेल्या रेघा. शेजारी बारीक अक्षरात खोली लिहिलेली. पानामागून पान. समुद्रातून किनारा कसा दिसतो याचे नकाशे कोणाला लागतात, ते सांगायला आमच्या कचेरीत कोणी लागत नव्हतं.

मी साहेबांना सांगितलं. साहेब सोलापूरकडचे, शिस्तीचे, आणि आपण ह्या आडबाजूच्या बंदरावर सडतो आहोत अशी त्यांची खंत होती. एखादं मोठं प्रकरण हाती लागलं तर सुटका होईल, असं त्यांना वाटे. ते म्हणाले की चोरटा माल डब्यात भरून खडकांपाशी बुडवून ठेवतात आणि मग खुणांवरून परत काढतात, हे त्यांनी दुसऱ्या बंदरावर ऐकलं आहे. तू मास्तरांबरोबर जा. डोळे उघडे ठेव. तुझं कायम होण्याचं ह्या महिन्यात वर जाणारच आहे. हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकलं, पण मला तेच ठळक ऐकू आलं.

मी मास्तरांना विचारलं की येत्या रविवारी मी आलो तर चालेल का. मला वाटलं होतं ते कारणं सांगतील. ते एकदम खूश झाले. पोहता येतं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विहिरीत येतं. ते म्हणाले, "मग उत्तम. विहिरीत शिकलेल्याला खाली तळ असतो हे माहीत असतं." त्या शनिवारी त्यांनी पपईचे दोन देठ कापले.

दिवाळी होऊन गेली होती. समुद्र निवळला होता. तांडेल होडीपाशी उभा होता आणि बरोबर मी आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मास्तर त्याच्याशी बाजूला जाऊन काहीतरी बोलले. मग तांडेल माझ्याकडे आला, अगदी जवळ, माझ्या नाकासमोर तोंड आणून त्याने मला न्याहाळलं, आणि म्हणाला, "येतंस तर ये. पण परको माणूस आमच्या होडीत दर्याकडे तोंड करून बसता. किनाऱ्याकडे मान वळवलंस तर परत सोडतलंय."

ही त्यांची जुनी रीत होती. पण माझ्या मनात आलं की मला किनारा दिसू नये अशी यांना काय गरज? आणि मास्तर मात्र होडीच्या मध्यभागी उभे राहिले ते चक्क किनाऱ्याकडे तोंड करून, डोक्यावर सोला हॅट, एका हातात वही. मी दर्याकडे बघत बसलो आणि कान मागे लावले.

थोडं आत गेल्यावर बोलणं सुरू झालं. मास्तर म्हणाले, कळस माडाच्या उजवीकडे आहे, चार बोटं. तांडेलाने वल्ही मारली. आता दोन बोटं. वड अजून मोकळा. पुन्हा वल्ही. मी प्रत्येक शब्द पाठ करत होतो. तांडेलाला हे सगळं स्वतःला दिसत नाही का, हा प्रश्न कोणत्याही सरळ माणसाला पडला असता. मला पडला नाही. मला वाटलं, ही त्यांची सांकेतिक भाषा आहे.

मध्येच तांडेल वल्ही थांबवून म्हणाला, "गादे इले." हल्ली त्यांना सगळे डॉल्फिन म्हणतात आणि ते बघायला मोटारी भरभरून लोक येतात. तेव्हा ते गादे होते, आणि जाळी फाडतात म्हणून कोणी त्यांचं कौतुक करत नसे. मला आधी काही दिसलं नाही. मग फुस्स असा आवाज आला, अगदी माणसाने सुस्कारा सोडावा तसा, आणि माझ्या डाव्या हाताला दहा हातांवर एक काळसर पाठ वर आली आणि वळून खाली गेली. तिच्यामागे दुसरी. मग एक लहान, आईला चिकटून. मास्तरांनी डोक्यावरची हॅट काढली. तांडेलाने हात जोडले. पण हात जोडताना तो उजवीकडे बघत होता, जिथे नुसतं पाणी होतं. मी ते पाहिलं. आणि माझ्या ह्या हुशार डोक्याने त्याचा अर्थ काय लावला? हा म्हातारा उजवीकडे दुसरी कुठली होडी येते का ते बघतो आहे.

शेवटी मास्तर तांडेलाच्या बोलीत म्हणाले, "खडप लागला." तांडेलाने नांगर सोडला, काथ्याच्या दोराला बांधलेला एक दगड. मास्तरांनी अंगभर खोबरेल चोळलं, काच डोळ्यांवर चढवली, देठ तोंडात धरला आणि पाण्यात उतरले. तांडेल गरी टाकून बसला. तासाभराने मास्तर वर आले आणि काच माझ्या हातात दिली.

मी उतरलो तो डबे शोधायला. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यानंतर जे झालं त्याला मी तयार नव्हतो. डोकं पाण्यात घातलं, रबराचा आणि डांबराचा वास नाकात गेला, देठातून वारा आत आला, आणि माझ्याखाली एक गाव पसरलेलं दिसलं. जांभळे, पिवळे, विटकरी दगड, आणि ते दगड जिवंत होते. फुलकोबीसारखे गड्डे, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या. निळे मासे थव्याने वळले की सगळं पाणी वळल्यासारखं वाटायचं. एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा माझ्या काचेसमोर येऊन थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी इतका सुखावलो होतो की हसायला गेलो आणि देठातून खारट पाणी घशात गेलं. बाजारात जन्मभर मेलेले मासे बघितले होते. हे असे असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तेवीस वर्षांत इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता.

आणि तेवढ्यात मला दोन दगडांच्या फटीत दोर दिसला. जाड, शेवाळलेला, खाली कुठेतरी गेलेला. आनंद तिथेच संपला. मी वर आलो आणि काच काढून होडीत ठेवली. मास्तरांनी विचारलं, पाहिलंत? मी म्हटलं, हो, पाहिलं. परत येताना तांडेलाच्या पायाशी दोन मोठ्या तांबोशी पडल्या होत्या आणि मास्तर वहीत निळा रंग भरत होते.

सोमवारी मी साहेबांना लेखी अहवाल दिला. त्यात तीन गोष्टी होत्या. मास्तर किनाऱ्यावरच्या खुणा मोठ्याने सांगतात आणि होडी त्यावर जाते. त्यांच्या वहीत किनाऱ्याचे नकाशे आहेत. खडकापाशी पाण्याखाली दोर आहे. तिन्ही गोष्टी मी स्वतः पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या होत्या. त्यातली एकही खोटी नव्हती, आणि आजतागायत मी इतकं खोटं दुसरं काही लिहिलेलं नाही.

साहेबांनी मास्तरांना बोलावलं. त्याच सकाळी काकींनी मास्तरांना न्हाणीच्या चुलीत कागद घालताना पाहिलं होतं. कचेरीत त्यांनी वही ठेवली तेव्हा पुढची पानं होती आणि मागची कात्रीने कापलेली होती. साहेबांनी कारण विचारलं. मास्तर म्हणाले, चित्रं बिघडली होती. खुणा कशाला सांगता? म्हणाले, हौस. मी कोपऱ्यात टिपण घेत होतो. सगळ्या गावाला पुरावा मागणारा हा माणूस इतकं वाईट खोटं बोलत होता की मला त्यांची कीव आली. साहेबांनी अटक केली नाही, माल सापडला नव्हता. पण शाळेच्या मंडळींच्या कानावर घातलं. दोन दिवसांत मास्तरांना महिनाअखेर शाळा सोडण्याबद्दल सांगण्यात आलं. खुलासा दिलात तर विचार करू, असंही सांगितलं गेलं. त्यांनी दिला नाही.

आता फक्त तांडेलाचा जबाब राहिला होता. साहेबांनी तो घ्यायला मला पाठवलं. भर दुपारी मी त्याच्या अंगणाच्या दारात उभा राहिलो. तो ओटीवर जाळं दुरुस्त करत होता. पावलांच्या आवाजाने त्याने मान वर केली आणि विचारलं, "कोण ता? मास्तर काय?"

आमच्यात पंधरा पावलांचं अंतर होतं आणि डोक्यावर लख्ख ऊन होतं. मी उंच आणि किडकिडीत, मास्तर बुटके आणि गोल. मी काही न बोलता तिथेच उभा राहिलो. तो माझ्या दिशेने बघत होता आणि वाट बघत होता. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसू लागली. नाकासमोर आणलेलं तोंड. गादे डावीकडे असताना उजवीकडे जोडलेले हात. चार बोटं, दोन बोटं. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी नाव सांगितलं आणि ओटीवर जाऊन बसलो. मला कळलंय हे त्यालाही कळलं. तो म्हणाला, "दोन वर्सा झाली. हातातली गरी दिसता. समोरचो माणूस दिसता. किनारो सगळो धुक्यात गेलो आसा माझो. कळस दिसणा नाय." मग त्याची बायको आतून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. बाकीचं तिने सांगितलं. होडी दोघा भावांची सामाईक. त्यांच्या घरातली रीत अशी की ज्याला खडप सापडतं, होडी त्याच्या हातात. थोरल्याला सापडेनासं झालं की ती पुतण्यांकडे जाणार, आणि मग ही दोघं त्यांच्या अंगणात जाळी शिवत आणि ते देतील ते खात बसणार. आठवडाभर तांडेल किनाऱ्याजवळच घुटमळायचा. पण रविवारी मास्तरांच्या डोळ्यांनी खडपावर जायचा आणि तांबोशी घेऊन यायचा. गाव म्हणायचं, म्हातारा अजून आहे. खुणा लक्षात राहाव्यात म्हणून मास्तरांनी त्या त्याच्याकडून ऐकून चित्रात उतरवल्या होत्या. परक्याला खुणा सांगितल्या, त्याही कागदावर, हे कळलं असतं तर भावबंदांनी तांडेलाला उभं केलं नसतं. आणि तो दोर कसला, हेही मी विचारलं. त्याच्याच नांगराचा होता. गेल्या वर्षी अडकून तुटला होता.

मी उठलो तेव्हा तांडेल म्हणाला, "सायबाक सांग, मास्तराचा काय्येक नाय. डोळे माझे गेलेत, चित्रा मी काढूक सांगितलंय. मी येतंय कचेरीत. आंगठो उठवतंय." त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती.

मी तसाच मास्तरांच्या खोलीत गेलो. ते पुस्तकं बांधत होते. मी सगळं सांगितलं, वही चोरून बघितल्याचंसुद्धा, आणि म्हटलं की आता मी साहेबांना खरं काय ते सांगतो. ते दोर आवळत राहिले. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "मी चोर ठरलो तर दुसऱ्या गावात शिकवीन. तो आंधळा ठरला तर त्याला दुसरं गाव आहे का?"

मी म्हटलं, पण घाटावर आता डोळ्यांचं ऑपरेशन होतं म्हणतात. ते म्हणाले की वर्षभर मी तेच त्याच्या कानीकपाळी ओरडतो आहे. पण महिनाभर डोळ्यांना पट्टी बांधून पडला की सगळ्यांना कळणार, आणि परत येईपर्यंत होडी गेलेली असणार. म्हातारा तयार होत नाही. मी विचारलं, तुम्ही हे सगळं त्याच्यासाठी का केलंत? माझा स्वभाव जात नाही, तेव्हाही मला त्यात काहीतरी मेख आहे असं वाटत होतं. आणि मेख होती. ते म्हणाले, "त्याच्यासाठी कसलं? मला खडप बघायचं होतं, मला कोणी नेत नव्हतं. त्याला खडप माहीत होतं, त्याला दिसत नव्हतं. दोघांची सोय झाली."

मी तरीही साहेबांकडे गेलो. तांडेलाचं नाव न घेता एवढंच म्हटलं की माझ्या बघण्यात चूक झाली असेल, अहवाल मागे घ्यावा. साहेब म्हणाले, तू स्वतः पाहिलंस ना? मग चूक कसली? खरं बोललो असतो तर तांडेल गेला असता, आणि गप्प राहिलो तर मास्तर जात होते. मी गप्प राहिलो. तांडेलाच्या जबाबात लिहिलं की तो मास्तरांना मासे दाखवायला नेत असे, बाकी त्याला काही ठाऊक नाही. मास्तरांचं म्हणणं सांगितल्यावर त्याने अंगठा पुढे केला.

मास्तर गेले तेव्हा एस.टी.पाशी पोचवायला कोणी आलं नाही. शाळेतली मुलं लांब उभी होती, त्यांना घरून ताकीद होती. मी ट्रंक वर चढवायला मदत केली. त्यांनी काच आणि रबराचा तो ऐवज माझ्या हातात ठेवला. म्हणाले, घाटावर ह्याचा काही उपयोग नाही. मग आठवण झाल्यासारखं विचारलं की तो पट्ट्यापट्ट्यांचा मासा तुमच्यासमोर किती वेळ थांबला होता. मी म्हटलं, दहा-बारा आकडे होईपर्यंत. त्यांनी खिशातून चिठोरा काढून ते टिपून घेतलं. गाडी सुटली. त्यानंतर ते मला कधीच भेटले नाहीत, पत्रही आलं नाही. मी त्यांची क्षमा मागितली नव्हती, हे गाडी वळणावर गेल्यावर लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात माझं कायम झाल्याचा कागद आला. कचेरीत पेढे वाटले. चहाच्या दुकानात लोक म्हणायचे, हेरच होता तो, पहिल्यापासून दिसत होतं. आणि माझ्याकडे वळून विचारायचे, काय, खरं ना? मी मान हलवायचो. ती मान हलवण्याची मला अजून लाज वाटते.

तीन रविवार तांडेलाची होडी वाळूवरच होती. पुतणे दोनदा अंगणात येऊन बसून गेले, असं कळलं. चौथ्या रविवारी सकाळी मी तिथे गेलो. दारातूनच नाव सांगितलं. त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मासे बघूक इलंस?"

"नाय," मी म्हटलं. "किनारो बघूक इलंय."

कचेरीच्या गावात मी तोपर्यंत घरची बोली कधी बोललो नव्हतो. तो उठला आणि खांद्यावर वल्ही घेतली. होडी पाण्यात गेल्यावर त्याने मला खुणा सांगितल्या, एकदाच, आणि बजावलं की लिहायच्या नाहीत. मी किनाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो. तिकडून बघताना आमचं बंदर किती लहान दिसतं ते मला पहिल्यांदाच कळलं. मी हात लांब करून बोटं मोजत गेलो. कळस माडापासून चार बोटं. तीन. दोन.

आणि तेवढ्यात मला बंदराच्या कठड्यावर साहेब दिसले. सुटीचा दिवस, अंगात सदरा, आणि डोळ्यांना कचेरीची दुर्बीण लावलेली. ती आमच्यावर रोखलेली होती. माझा चेहराही त्यांना स्पष्ट दिसत असणार. उद्या सकाळी मला काय विचारतील आणि मी काय काय सांगू शकणार नाही, ते सगळं मला त्या क्षणी कळलं.

"कित्या गप झालंस?" तांडेलाने मागून विचारलं. "लागला काय?"

"लागला," मी म्हटलं. "सोड नांगर."